पन्नास पावलांवरची ताटली

अर्लिस ब्रँडवोल्डने उभ्या आयुष्यात कुणाची काडी उचलली नव्हती. दुकानात चुकून सुटे पैसे जास्त आले तर ती अर्ध्या वाटेवरून परत जायची. तीच अर्लिस ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी खडीच्या खाणीत एकटी गेली. नवऱ्याने रोवलेला लाकडी खुंट तिने दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला, दहा-बारा पावलं अलीकडे ओढत आणला आणि पुन्हा ठोकला. जुन्या खड्ड्यावर बुटाने खडी लोटली. मग ट्रकमध्ये बसली, पण किल्ली फिरवायचं त्राण नव्हतं. पहाटेपासून वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसून खांदे आधीच भरून आले होते, त्यात हे.

खुंट तसा साधाच होता, पण दरीतल्या पिस्तुलवाल्यांचं देऊळ म्हणा, कचेरी म्हणा, तेच होतं. शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीच्या रविवारी ही मंडळी खाणीत जमायची. रायफलवाल्यांच्या मानाने थोडकी, आणि जरा हट्टी. केक खायची कागदी ताटली खुंटावर टाचायची, पन्नास पावलांवर बसायचं आणि पाच गोळ्या झाडायच्या. पाचही ताटलीत गेल्या तर त्या वर्षी एल्कमागे, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या हरणामागे, जायचं. एक जरी बाहेर गेली तर त्या वर्षी ट्रक चालवायचा आणि दुसऱ्याने मारून आणलेल्याची कलेजी परतायची. सरकारचा असा काही नियम नव्हता. हा नियम ओर्विन ब्रँडवोल्डचा, अर्लिसच्या नवऱ्याचा. सरकार दूर राजधानीत, हेलेनात बसायचं आणि ओर्विन समोर बसायचा, त्यामुळे दरीत ओर्विनचंच जास्त चालायचं.

"एल्क म्हणजे घोड्याएवढं जनावर," तो म्हणायचा, "पण त्याचं काळीज आणि फुप्फुसं मावतात ताटलीएवढ्या जागेत. ज्याची ताटली चुकते त्याने देवाचं जनावर रानात कुजवायला जाऊ नये. घरी बसून बटाटे सोलावेत."

ओर्विन जाऊन सहा वर्षं झाली होती. नियम मात्र हयात होता. आणि अर्लिसच्या लेकाला, लायलला, तो उद्या पाळायचा होता.

लायल चाळिशी ओलांडलेला. लाकडाच्या गिरणीत पट्ट्याने त्याचा उजवा हात आत खेचला. हात वाचला, खांदा गेला. डॉक्टरांनी आत पत्रे आणि स्क्रू बसवले आणि सांगितलं की रायफलचा दस्ता या खांद्याला पुन्हा लावायचा नाही. त्यानंतर गिरणी सुटली. बायको स्पोकेनला माहेरी गेली ती गेलीच. लायल आईच्या घरी आला आणि बापाच्या तपकिरी आरामखुर्चीत बसला. दोन हिवाळे बसूनच काढले. खिडकीचा पडदा वर करायचा म्हटलं तर म्हणायचा, "राहू दे, मा. उजेड डोळ्यांवर येतो." अर्लिस कामावरून यायची तेव्हा सकाळी भरून ठेवलेला कॉफीचा मग तसाच, वर साय धरलेला. खुर्चीच्या पाठीला त्याच्या डोक्याचा तेलकट डाग पडला होता. तो डाग ती दर रविवारी पुसायची.

मग या ऑगस्टात एकदा ती घरात शिरली तर बंदुकीच्या तेलाचा वास. लायल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेला, समोर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर बापाचं जुनं रिव्हॉल्वर सुटं करून मांडलेलं. दाढी केलेली. गालावर दोन ठिकाणी कापलेलं.

"खांद्याला दस्ता लावायचा नाही म्हणाले," लायल म्हणाला. "याला दस्ताच नाही."

 अर्लिसने बटाटे चढवले आणि नळ मोठा सोडला, नाक ओढलेलं ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या दिवसापासून तो उठायला लागला. डोंगरधारा चढायला लागला. संध्याकाळी दमून यायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. उभं राहून हात ताणणं जमायचं नाही, म्हणून बसून झाडायचं शिकला. पाठ झाडाला, गुडघे उभे, कोपरं गुडघ्यांवर. अर्लिसला वाटलं, झालं, सुटलो आपण. पण एकदा ती मागच्या अंगणात कचरा जाळायला गेली आणि पिंपाच्या तळाशी तिला ताटल्या सापडल्या. चुरगाळलेल्या, अर्धवट जळलेल्या. तिने एकेक सरळ करून पाहिली. पाच भोकं असलेली एकही नव्हती. कुठे तीन, कुठे चार, एकीच्या फक्त काठाला चाटून गेलेली.

लायलचा स्वभाव तिला ठाऊक होता. अगदी बापावर गेलेला. ताटली चुकली तर तो निमूट घरी येईल, पिस्तूल खुंटीला अडकवील आणि खुर्चीत बसेल. या वेळी बसला की मग उठणार नाही.

म्हणून खुंट अलीकडे आला.

*

रविवारी खाणीत थंडी होती आणि डेल्मर स्टँगलँडने थर्मास आणि डोनट आणले होते. डेल्मर शेजारचा. आयुष्यभर ओंडक्यांचे ट्रक हाकलेला, आता पंचाहत्तरीचा. तीन वर्षांपूर्वी त्याची ताटली चुकली, तेव्हापासून तो कलेजी परततो आणि जो भेटेल त्याला टोमणे मारतो.

"ये लायल, ये," डेल्मर ओरडला. "तू चुकलास तर मला मदतनीस मिळेल. कांदे चिरून चिरून माझे डोळे गेलेत."

"तुझे डोळे कांद्याने नाही गेले, डेल्मर," लायल म्हणाला. "टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्या बाईने गेलेत."

"तिला काही बोलायचं नाही हां! या दरीत माझ्याशी रोज बोलणारी ती एकटीच बाई आहे."

लायल बैठक मारून बसला. पाठीला जुन्या टायरची चवड. अर्लिस ट्रकला टेकून उभी होती, हात खिशात. गेल्या वर्षभरात रस्तेवाल्यांनी यंत्र लावून खाणीची एक बाजू पार खाऊन टाकली होती. ओळखीची दरड नव्हती, ओळखीचं झुडूप नव्हतं, आणि लायल तीन वर्षं इकडे फिरकला नव्हता. सरावाला तो वरच्या जंगलात जायचा. त्याला कळणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

पहिली गोळी झाडली आणि पिस्तूल हातात उसळून आभाळाकडे पाहू लागलं. लायलने ते खाली घेतलं, श्वास सोडला, पुन्हा रोखलं. प्रत्येक बाराला अर्लिस डोळे मिटत होती. पाचवी झाल्यावर डेल्मर लंगडत खुंटापाशी गेला. खूप वेळ वाकून बघत राहिला.

"एक काठावर आहे," तो म्हणाला. "पण आत आहे. पाच."

लायलने तोंड फिरवलं. खांदे हलताना दिसले. हसत होता की काय, अर्लिसला कळलं नाही.

डेल्मर ताटली घेऊन परत आला. येताना पाय टाकताना त्याच्या कपाळाला आठी पडली होती. तो ट्रकपाशी थांबला, अर्लिसकडे पाहिलं आणि थर्मासचं झाकण फिरवत हळूच म्हणाला, "खडी उपसून उपसून खाण आखडली वाटतं."

अर्लिसने डोनट तोंडात कोंबला.

*

हंगाम उघडला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. लायल अंधारात निघायचा, नारिंगी जाकीट घालून. अर्लिसही त्याच सुमाराला कामावर निघायची. दोन ट्रक फाट्यापर्यंत पुढे-मागे जायचे आणि तिथे तो दिवे दोनदा मिचकावून डावीकडे वळायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. धुलाईघरातल्या बाया म्हणायच्या, "अर्लिस, आज गुणगुणतेयस की." ती म्हणायची, "मशीन गुणगुणतंय ते."

तिसऱ्या आठवड्यात बर्फ पडलं. तामरॅकच्या झाडांच्या पिवळ्या सुया पांढऱ्यावर सांडलेल्या. दुपारी पाळी संपवून ती बाहेर आली तर लायलचा ट्रक तिच्या ट्रकशेजारी उभा. तो आत बसलेला, काच खाली. चेहऱ्याकडे पाहूनच तिला कळलं.

"एल्क लागलाय," तो म्हणाला. "नीट नाही लागला."

"कुठे?"

"गोळी मागच्या बाजूला गेली. पोटात असेल. रक्त काळपट आहे, गवताचे कण आहेत त्यात." त्याने तळहात पाहिला, जणू तिथेच ते रक्त होतं. "लगेच मागे नाही गेलो. थांबलोय सकाळपासून. बाबांनी सांगितल्यासारखं. मा, तू चलशील? माझ्यापेक्षा तुला माग बरा दिसतो."

तिचे पाय सुजले होते. कामाचे बूट काढून तिने बर्फाचे घातले आणि त्याच्या शेजारी चढून बसली.

पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते कोसभर पळतं. सोडलं तर जवळपासच बसून जीव सोडतं. हे दरीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. लायलने सगळं बरोबर केलं होतं. तरुण नर होता, शिंगं अजून बारीक. आपण ज्या झाडाखाली बसून गोळी झाडली ती जागा लायलने दाखवली. बर्फात त्याची बैठक उमटलेली होती.

"तो तिथे होता. त्या पडलेल्या ओंडक्यापाशी. आडवा उभा. मान खाली." लायल बोलत होता, थांबत नव्हता. "पन्नास, मा. नंतर पावलं टाकून मोजली. पन्नासच भरली. त्याच्याहून दूर असता तर मी मारलंच नसतं. कोपरं टेकलेली होती. वारा नव्हता. मग चुकली कशी?"

अर्लिस वाकून बर्फाकडे पाहत होती. "इथून खाली गेलाय," ती म्हणाली.

दोघं मागावर निघाली. काळपट ठिपका, मग बराच वेळ काही नाही, मग फांदीला पुसलेला डाग. एका ठिकाणी एल्क बसला होता. बर्फ वितळून त्याच्या अंगाचा आकार उरलेला, मधोमध काळं. तिथून उठून पुन्हा चाललेला. लायल त्या खळग्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने हातमोजा काढून त्यात हात ठेवला.

"थंड झालंय," तो म्हणाला.

"चल."

"माणसाला हे जनावर काय म्हणत असेल?"

"जनावर काही म्हणत नसतं, लायल. चल, उजेड जातोय."

ओढ्याशी माग संपला. पलीकडे दक्षिणेकडचा उतार, तिथलं बर्फ वितळलेलं, आणि नुसती मातीच नाही तर एका कळपाच्या सगळ्या खुरांचा चिखल. त्याच्या एकट्याच्या खुणा त्यांच्यात मिसळून गेल्या. काळोख पडेपर्यंत दोघं त्या उतारावर वाकून फिरली, हरवलेली सुई शोधावी तशी. परत येताना अर्लिस दोनदा घसरली. दुसऱ्यांदा तिथेच बसून राहिली.

"मा?"

"बसू दे जरा," ती म्हणाली. "मरत नाहीये. दमलेय."

दुसऱ्या दिवशी तिने कामावर कळवलं की येत नाही. इतक्या वर्षांत असं तिने क्वचितच केलं होतं. डेल्मरही आला, काठी टेकत. रात्रीतून ताजं बर्फ पडलं होतं, सगळ्या खुणा बुजल्या होत्या. आता कावळ्यांचाच आधार. मेलेल्या जनावरावर कावळे जमतात, म्हणून तिघं माना वर करून हिंडत होती. दुपारी एकदा कावळे दिसलेही. धापा टाकत वर गेली तर ती कुणा रायफलवाल्याने टाकून दिलेली आतडी होती, जुनी.

"चला," डेल्मर म्हणाला, "निदान कावळ्यांचं तरी साधलं."

कुणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिघं ट्रकपाशी परतली. लायलने मागचं फळकूट खाली पाडलं, त्यावर बसला आणि खिशातून टॅग काढला. एल्क मारला की त्या कागदी टॅगवरचा महिना आणि तारीख सुरीने कापायची आणि टॅग जनावराला बांधायचा. मग त्या वर्षीची शिकार संपली. जनावर हाती लागलं नसेल तर कापायची गरज नाही, सरकार विचारत नाही. ओर्विन मात्र विचारायचा. रक्त काढलं म्हणजे टॅग गेला. सापडलं नाही म्हणून ते मेलं नाही असं होत नाही.

लायलने सुरी उघडली.

"कापतो," तो म्हणाला. "आणि डेल्मर, पिस्तूल तू घेऊन जा."

"मी काय करू त्याचं? कांदे कापू?"

"विक. पाण्यात टाक. मला नको." त्याचा आवाज सपाट होता, त्या दोन हिवाळ्यांतला आवाज. "ताटलीवर मी पास झालो. तीच बैठक, तेवढंच अंतर. महिनाभरात हात असा जात असेल, तर मला काय कळतंय माझ्या हाताचं? उद्या चाळीसवर मारीन, तीसवर मारीन, तेही चुकेल. हात आपला वाटतो आणि आपला नसतोच. बसतो घरी."

अर्लिसने त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. बर्फाने भिजलेले. तिला तपकिरी खुर्ची दिसली, खाली ओढलेला पडदा दिसला, साय धरलेला मग दिसला. एक वाक्य बोललं नाही तर तो खुर्चीत जाणार. बोललं तर काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. 

"लायल, थांब."

"काय?"

"तेवढंच अंतर नव्हतं."

"मी मोजलं ना. पन्नास."

"इथलं पन्नास होतं. खाणीतलं नव्हतं. खुंट मी हलवला होता. आदल्या दिवशी. दहा-बारा पावलं अलीकडे."

त्याला कळायला वेळ लागला. सुरी हातात तशीच राहिली. डेल्मर घसा खाकरून दुसरीकडे पाहू लागला.

"का?" लायलने विचारलं.

"पिंपात तुझ्या ताटल्या सापडल्या."

"मा..."

"तू घरी बसला असतास. पुन्हा. मला ते बघवलं नसतं." तिने हातमोजे ओढून काढले. "तुझ्या हाताने काही दगा दिला नाही. मी दिला."

लायलने डेल्मरकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"पावलं टाकताना कळलं," डेल्मर म्हणाला. "म्हटलं, पोरगं उठून आलंय, हसतंय. मी कशाला तोंड उघडू? माझंही चुकलं. मी चुकलो म्हणून आता जेवू नको का?"

"म्हणजे तुम्हा दोघांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं." लायलने हनुवटीने रानाकडे खूण केली. "आणि त्याला."

 मग त्याने टॅग मांडीवर ठेवला आणि महिना कापला. मग तारीख.

"कशाला कापतोस आता?" अर्लिस म्हणाली. "तू चुकला नाहीस. ती चूक माझी."

"गोळी मी झाडली, मा," तो म्हणाला. "खुंट कुणी हलवला, हे त्या एल्कला काय ठाऊक."

कापलेले दोन कपटे बर्फात पडले. त्याने ते उचलून खिशात टाकले. परतीच्या वाटेवर तिघं ट्रकच्या एका बाकावर दाटीवाटीने बसली होती, तरी मध्ये कुणी परकं बसल्यासारखं वाटत होतं.

*

घरी आल्यावर लायल बूट न काढता खुर्चीत बसला. अर्लिसने सूप गरम केलं. त्याने घेतलं नाही. तिने गालिच्यावर वितळलेल्या बर्फाचं पाणी पुसलं, त्याचे पाय उचलून पुसलं, लहानपणी पुसायची तसं.  त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

सकाळी तिला कामावर जाणं भाग होतं. ती निघाली तेव्हा तो खुर्चीतच होता, डोळे मिटलेले. झोपला होता की नाही, देव जाणे. धुलाईघरात त्या दिवशी तिने एका आजोबांचा कोट चादरींबरोबर मशीनमध्ये टाकला. मुकादम बाई म्हणाली, "अर्लिस, तू घरी जा बाई. तुझा चेहरा चादरीपेक्षा पांढरा झालाय."

ती घरी आली. खुर्ची रिकामी. पडदा वर केलेला, खोलीत नुसता उजेड. अंगणात लायलचा ट्रक नाही. आणि दाराशेजारच्या खुंटीवर पिस्तूल नाही.

काल त्याने पिस्तूल डेल्मरला दिलं होतं का? नव्हतं दिलं. ती तिथेच दाराची चौकट धरून उभी राहिली. मनात येऊ नये ते सगळं एका श्वासात येऊन गेलं. तिने डेल्मरला फोन लावला.

"तुझ्याकडे आहे का तो?"

"नाही. का गं?"

तिने फोन ठेवला. किल्ल्या हातातच होत्या. रस्त्यावर बर्फ गोठून काच झाली होती. अशा रस्त्यावर ती एरवी बैलगाडीच्या चालीने जायची, पण त्या दिवशी कशी गेली ते तिला नंतर आठवेना. कुठे जायचं हेही तिने ठरवलं नव्हतं. खाणीचं वळण आलं आणि गाडी आपणच वळली.

काच खाली केल्यावर आवाज आला. एक बार. ती ब्रेकवर उभीच राहिली. गाडी घसरत जाऊन कडेच्या बर्फात रुतली.

मग दुसरा बार. मग, जरा वेळाने, तिसरा.

अर्लिसने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. एकामागून एक येणारा तो आवाज तिला चर्चच्या घंटेहून गोड वाटला. रडायला येईल असं वाटलं, पण रडायलाही अंगात काही तरी शिल्लक असावं लागतं. ती उतरून चालत आत गेली.

लायल टायरच्या चवडीला पाठ लावून बसला होता. शेजारी ताटल्या पसरलेल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण उठला नाही.

"रुतवलीस ना गाडी?" तो म्हणाला. "ऐकू आलं."

"हो."

"डेल्मरला बोलवावं लागेल. आता हिवाळाभर सांगत सुटेल सगळ्यांना."

ती त्याच्या शेजारी खडीवर बसली. त्याने एकेक ताटली दाखवली. पन्नासवरची. खुंट त्याने बापाच्या जुन्या जागी नेला होता, बुजवलेला खड्डा शोधून काढून. तिच्यात तीन भोकं. मग तिने हलवला होता तिथली. तिच्यात चार. पाचवं काठाबाहेर.

"त्या दिवशी काठावर होतं," तो म्हणाला. "नशीब होतं. हात नव्हता."

मग त्याने शेवटची ताटली उचलली. पाच भोकं, मधल्या भागात, एका मुठीत मावतील अशी.

"ही तीसवरची. दोनदा करून पाहिली."

अर्लिसने ताटली हातात घेतली. तीस पावलांवर जायचं म्हणजे एल्कचा श्वास ऐकू येतो. तिथपर्यंत कुणाला तो येऊच देत नाही. ओर्विनला उभ्या आयुष्यात दोनदा की तीनदाच जमलं असेल.

"तीसवर कधी मिळेल तुला?" तिने विचारलं.

"नाही मिळणार कदाचित. नाही मिळाला तर नाही मारायचा. फिरून येईन." त्याने खांदा चोळला. "मी रागावलोय तुझ्यावर, मा. अजून बरेच दिवस रागावणार आहे."

"रागाव बाबा."

"तू मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग?"

तो हसला नाही, पण त्याच्या तोंडाचा एक कोपरा सैल झाला. गुडघ्यावर हात रेटत तो उठला आणि ट्रकमधून हातोडा घेऊन आला. खुंट तीसवर नुसता खडीत खोचलेला होता. एका हाताने धरून दुसऱ्याने ठोकणं त्या खांद्याला जमेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हातोडा बाजूला घसरला.

"धर," तो म्हणाला.

अर्लिसने खुंट दोन्ही हातांनी धरला. त्याने चार-दोन घाव घातले आणि हातोडा खाली टेकवला. मग तिने हातोडा घेतला आणि त्याने धरला. तिने घाव घातले, तीही थांबली. असं आलटून पालटून, मध्ये मध्ये दम खात, खुंट हळूहळू आत गेला. खाली माती गोठलेली होती. घाव घातला की हाताला झिणझिण्या यायच्या.

"बाबांचा पन्नासवर होता," तो म्हणाला. "माझा हा. पुढच्या वर्षी इथून. एक जरी बाहेर गेली तर कांदे चिरीन डेल्मरबरोबर."

"बरं."

"आणि याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"शपथ घे."

अर्लिस खुंटाला टेकून खाली बसली होती. हातोडा मांडीवर, हातमोजे ओले, केसांत खडीची धूळ. तिचा फोन ऐकून मागोमाग निघालेल्या डेल्मरच्या ट्रकचा खडखडाट रस्त्याकडून ऐकू येत होता. रुतलेली गाडी पाहून त्याने आतापासूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

"लायल," ती म्हणाली, "मला आधी इथून उठव. मग शपथ घेते."